झाकणांवर चिकटवलेला सिद्धांत

पेशीत कोणीही एकट्याने काही करत नाही, हे सत्य मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. या खेपेला मात्र मी सगळं एकट्याने करायचं ठरवलं.

प्रसंगच तसा होता. माझ्या प्रयोगशाळेची खोली परीक्षा विभागाला नव्या छपाईयंत्रासाठी हवी होती. खोली माझ्याकडे ठेवायची की यंत्राला द्यायची, याचा निकाल आमचे संचालक आणि बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ बाई माझा प्रयोग पाहून देणार होते. खोली गेली की सहा वर्षांचं काम गेलं.

प्रयोग तसा सोपा. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच. डोळ्यात तीच, यकृतातही तीच. तरी डोळ्यातून पित्त गळत नाही, कारण कुठलं जनुक कुठे चालू करायचं हे काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएवर जनुकाच्या शेजारी जाऊन बसतात, आणि सहसा एकटी नव्हे, टोळीने बसतात.

संचालकांना मी हे घरगुती भाषेत समजावलं होतं. "आमच्याकडे सोफा हलवायचा तर बायकोचा होकार लागतो आणि सासूबाईंचाही. एकीच्या होकारावर तो इंचभर सरकत नाही. आणि मेहुणा मुक्कामाला असेल तर दोघी हो म्हणाल्या तरी सरकत नाही. कारण तो त्याच्यावर झोपलेला असतो."

"आणि तुमचा होकार?"

"तसलं प्रथिन अजून सापडलेलं नाही, साहेब."

तर चार डिश. पहिलीतल्या पेशींना काहीच दिलं नव्हतं. दुसरीला एक प्रथिन, तिसरीला दुसरं, चौथीला दोन्ही. जनुक चालू झालं की पेशी हिरव्या चमकाव्यात अशी सोय केली होती. चमकायला हवी होती फक्त चौथी.

आमच्या टेक्निशियन काकूंचा वीस वर्षांचा दंडक असा, की डिशवर काय लिहायचं ते बुडाला लिहायचं. झाकणावर कधीच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवतो. पण काकूंचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवलेली कोंबडी घाईत कुठेतरी निघाली होती, असं.

"काकू, पाहुणे येणार आहेत. मी छापील चिठ्ठ्या चिकटवतो. वरून दिसतील अशा."

"झाकणावर, सर?"

"आजच्या दिवस."

"मग मी कशाला हात लावू?"

"कशालाच नको."

काकूंनी हात मागे बांधले ते बांधलेच.

सकाळी नऊला पाहिलं, तर चौथी डिश हिरवीगार आणि बाकीच्या तिन्ही काळ्याकुट्ट. अकराला मंडळी आली. या तज्ज्ञ बाई सात वर्षं लिहीत होत्या की ही दोन प्रथिनं जनुक चालू करतच नाहीत, बंद करतात. आम्ही दोघं एकमेकांच्या लेखांचा अत्यंत सभ्य भाषेत उद्धार करत असू.

झाकणांवर वाफ धरली होती. संचालकांशी हवापाण्याचं बोलत मी चारही झाकणं काढली, रुमालाने पुसली आणि परत ठेवली. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बाईंनी 'दोन्ही प्रथिनं' अशी चिठ्ठी असलेली डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"काळोख आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच काळोख होता. एकेकटं प्रथिन दिलेल्या दोन्ही डिशमध्येही तोच. मग त्यांनी 'काहीही नाही' उचलली, आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर लख्ख हिरवा उजेड पसरला. नऊला मीच घाईत डिश उलटसुलट पाहिल्या असणार, असं मी ठरवून टाकलं. सहा वर्षं त्या उजेडात डोळ्यांसमोरून जात आहेत असं वाटलं.

"काही दिलं नाही तेव्हा चालू," बाई एकेक शब्द चघळत म्हणाल्या, "आणि काहीही दिलं की बंद. सर, आता तरी मान्य कराल?"

संचालक माझ्याकडे पाहत होते. मागे फ्रीज घरघरत होता. मीही मनात घरघरत होतो.

"मान्य," मी म्हणालो. "मी सहा वर्षं उलटं समजत होतो."

आणि माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा धक्का बसला. संचालक खूश झाले.

"म्हणजे नवीन काहीतरी निघालं की हो!"

"फार मोठं निघालं," बाई म्हणाल्या. "हे काम थांबता कामा नये. खोली यांच्याकडेच राहू द्या. आम्ही दोघं मिळून पुढे नेऊ."

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"सर, आता हात लावू का?"

"लावा की, काकू," मी उदारपणे म्हणालो.

काकूंनी चमकणारी डिश उचलून बूड वर केलं. तिथे कोंबडीचा एक पाय होता.

"हा चाराचा आकडा. झाकण एक नंबरचं बसलंय. रिकाम्या डिश मीच काढून दिल्या होत्या ना, आकडे घालूनच देते मी."

पेन हवेत थांबलं.

"म्हणजे काय झालं?" संचालकांनी विचारलं.

'काकू, तो एकाचा आकडा आहे,' एवढं म्हटलं असतं तर खोली माझी होती. ती कोंबडी आम्हा दोघांशिवाय कोणाला वाचताही आली नसती.

"म्हणजे माझंच बरोबर होतं," माझ्या तोंडून निघून गेलं. बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतंत, तेच?"

"तेच."

"नवीन काही नाही?"

"नाही."

बाई पर्स उचलत म्हणाल्या, "रुमालाने पुसलेल्या झाकणांवर मी मत देत नाही."

संचालकांनी टोपण लावलं. आठवड्याभरात आमचं सामान जिन्याखाली गेलं. काकूंनी प्रत्येक खोक्याच्या बुडाला आकडा घातला होता, त्यामुळे कुठल्या खोक्यात काय हे पाहायला एकेक उलटं करावं लागलं.

गुरुवारी छपाईयंत्र आलं. ते दारातून आत जाईना. दार चार इंचांनी अरुंद आहे. खोलीला सध्या कुलूप आहे.