पृथ्वी मागणाऱ्या बाई

मुलाच्या दुकानाची वेबसाइट सुरू होऊन सहा महिने झाले होते आणि ती रोज तीनच माणसं उघडत. एक मुलगा स्वतः, कोणी आलं का ते पाहायला. दुसरी सून, तो उगाच खचू नये म्हणून. आणि तिसऱ्या बाई, कुठे शुद्धलेखनाची चूक राहिली नाही ना, हे तपासायला.

बाई म्हणजे मुलाची आई. सगळं आयुष्य शाळेत भाषा शिकवण्यात गेलेलं. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना बाईच म्हणे, आणि घरी आलेल्या आमंत्रणपत्रिकेतलं ह्रस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय त्या समारंभाला जात नसत. मुलगा मात्र भाषेच्या वाटेला गेला नाही. त्याने नळाच्या सामानाचं दुकान टाकलं. नळ, पाइप, तोट्या विकायच्या आणि बोलावलं तर जाऊन बसवून द्यायच्या. काम चोख, स्वभाव मुखदुर्बळ. गिऱ्हाईक फिरकेना. दुकान बंद करून कुठेतरी नोकरी धरावी, असं तो सुनेजवळ बोलला, आणि सुनेने ते स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटत बाईंच्या कानावर घातलं.

त्या रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. जावई जाहिरातीच्या धंद्यात होता. कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे तोडगा असे आणि बहुतेक वेळा त्या तोडग्यातूनच पुढची अडचण निघे. त्याने हात धुता धुता सांगून टाकलं, की वेबसाइट म्हणजे आडबाजूचं दुकान. माणसं आपण होऊन येत नाहीत, त्यांना वाट दाखवावी लागते. एक चांगला उपयोगी लेख लिहायचा, तो जितक्या वेबसाइटवर छापून येईल तितक्यांवर छापून आणायचा, आणि खाली दोन ओळींत लेखकाची ओळख आणि आपल्या दुकानाचा पत्ता द्यायचा. वाचणारा त्या पत्त्यावर बोट ठेवतो आणि थेट आपल्या दारात उतरतो.

"पण लिहिणार कोण?" मुलाने विचारलं. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी आढेवेढे घेतले, पण मनातून त्या सुखावल्या. मुलाने नळ उघडून दाखवला, बाईंनी टिपून घेतलं. मग त्यांनी लेख लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. ‘गळका नळ : कारणे आणि उपाय’. वाक्यं अशी, की परीक्षेत उताऱ्याला द्यावीत. ‘आधी मुख्य नळ बंद करा. तोटीची मान घट्ट धरून ती पान्याने सैल करा. आट्यांवर दोरा गुंडाळा. सांध्यातून पाणी येत असल्यास वॉशर बदला.’ खाली ओळख : ‘लेखिका निवृत्त शिक्षिका असून शुद्धलेखनाच्या प्रसारासाठी त्यांचा गौरव झाला आहे.’

लेख वेबसाइटवर चढला, जावयाने तो पुढे पाठवला आणि आठवड्याभरात आकडा हलू लागला. तिनाचे तीस झाले, तिसाचे तीनशे. मुलगा गल्ल्यावर बसून नुसता मोबाइलकडे पाहून हसायचा. बाई भाजी आणायला जातानाही जरा ताठ चालू लागल्या.

मग एके दुपारी त्यांच्या जुन्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. या मुख्याध्यापिकांनी नोकरीत असताना कोणाची कधी चौकशी केली नव्हती. आज त्या फार मऊ आवाजात विचारत होत्या, की तब्येत बरी आहे ना, झोप लागते ना, घरात कोणी जवळ असतं ना. शेवटी म्हणाल्या, "तुमचा लेख वाचला हो. होतं असं वयाप्रमाणे."

बाईंनी सुनेला हाक मारून लेख शोधायला लावला. आपल्या वेबसाइटवर नव्हे, दुसऱ्या कुठल्यातरी. सुनेने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला ती थांबली. बाईंनी मोबाइल स्वतःकडे घेतला.

‘प्रारंभी प्रधान नळकांडे बंदिस्त करा. तोटीचा सन्मान कडकपणे धरून तो पर्णाने ढिला करा. पिठांवर सूत वेटाळा. संधिवातातून जल येत असल्यास धोबी बदला.’ आणि खाली बाईंचं पूर्ण नाव : ‘लेखिका विरक्त गुरुमाता असून शुद्धलेखनापायी त्या वजनदार झाल्या आहेत.’

जावयाला तातडीने बोलावणं गेलं. तो आला तो पेढे घेऊन यावं अशा चेहऱ्याने. त्याने समजावलं, की एकच मजकूर सगळीकडे असला तर शोधयंत्र त्यातला एकच दाखवतं, बाकीचे नकला म्हणून मागे ढकलतं. म्हणून त्याच्याकडे एक प्रोग्राम आहे. तो प्रत्येक शब्दाला कोशातला दुसरा शब्द लावतो आणि एका लेखाचे हवे तितके लेख करून देतो.

"जावईबापू, या लेखांना काही अर्थ नाही," बाई म्हणाल्या.

"आई, अर्थाकडे कोण बघतं? लोक वाचायला येत नाहीत, नुसते येतात."

बाईंनी डोळे मिटून घेतले. चौथीच्या वर्गाला समास शिकवतानाही त्यांनी इतका संयम धरला नव्हता. त्यांनी सगळे लेख आजच्या आज मागे घ्यायला सांगितलं. जावयाने प्रयत्न केला, नाही असं नाही. पण ज्यांना त्याने लेख दिला होता त्यांनी तो पुढे दिला होता, त्यांनी आणखी पुढे. मग बाईंनी स्वतःच एकेका संपादकाला लिहिलं. एकाने कळवलं, लेख लोकप्रिय आहे, दुसरा पाठवा. दुसऱ्याने कळवलं, मजकुराची जबाबदारी लेखिकेची. तिसऱ्याकडे चुकून मूळ लेख जसाच्या तसा गेला होता. त्याने उलट बाईंनाच खडसावलं, की तुमच्या मुलाच्या वेबसाइटवरचा लेख आमच्याकडून उचललेला दिसतो, तो ताबडतोब काढा.

हे वाचून बाईंनी रात्रीचं जेवण टाळलं. सकाळी उठून त्यांनी खुलासा लिहिला. थोडक्यात, स्वाभिमान राखून. ‘माझ्या लेखात अक्षम्य चुका शिरल्या आहेत. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल मी क्षमा मागते.’ मुलाने तो दुकानाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात लावला.

इथे एक गोष्ट जावई सांगायला विसरला होता. त्याचा प्रोग्राम त्या वेबसाइटला कायमचा जोडलेला होता. तिथे काही नवं आलं, की तो आपण होऊन ते उचलायचा, फिरवायचा आणि वाटून टाकायचा. संध्याकाळपर्यंत बाईंचा खुलासा गावभर झाला : ‘माझ्या लेखात दुबळ्या चुका घुसल्या आहेत. वाचकांना घडलेल्या छळाविषयी मी पृथ्वी मागते.’

क्षमा म्हणजे पृथ्वी, हे कोशात आहे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. चूक म्हणावी तर आधार होता.

पण लोकांना ते वाक्य फार आवडलं. ज्याने त्याने ते दुसऱ्याला पाठवलं. पृथ्वी मागणाऱ्या बाई कोण, हे पाहायला माणसं झुंडीने वेबसाइटवर आली. गर्दीने वेबसाइट दोनदा बंद पडली. आलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी खरोखरच नळ गळत होते, कारण नळ कोणाच्या घरी गळत नाही? दुकानातला फोन वाजायचा थांबेना. समोरचा माणूस आधी हसून घ्यायचा आणि मग पत्ता सांगायचा. एका आजोबांनी तर लेख प्रमाण मानून पाइपाच्या तोंडाला मळलेलं पीठ थापलं होतं, वरून दोरा बांधला होता आणि न्हाणीघरात तळं करून ठेवलं होतं. मुलगा ओशाळून दुरुस्तीला गेला. आजोबांनी तक्रार केली नाही. पीठ जरा सैल भिजलं असावं, असं त्यांचं मत पडलं, आणि त्यांनी घरातले सगळेच नळ बदलायला सांगितले.

नोकरीचा विषय निघेनासा झाला. दुकानात हाताखाली माणूस ठेवावा लागला. बाई मात्र घराबाहेर पडेनाशा झाल्या. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला भेटला, की आदबीने विचारायचा, "बाई, धोबी बदलताय म्हणे?"

शेवटी त्यांनी हुकूम सोडला, की प्रोग्राम बंद. आता शुद्ध लेख जाईल आणि तोच टिकेल. मुलाने ऐकलं. बाईंनी ‘पाण्याची टाकी : निगा आणि स्वच्छता’ हा लेख जीव ओतून लिहिला. एकाही वेबसाइटने त्यात अक्षर बदललं नाही, आणि एकाही माणसाने तो वाचला नाही. पंधरवड्यात फोन थंडावला. नवा ठेवलेला माणूस दुकानात बसून पाइप पुसू लागला.

मुलगा दोन दिवस आईच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्या दिवशी आत आला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "आई, तो टाकीचा लेख... जरा चुकवून देतेस का?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मुलाला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्याने घाईघाईने सांगितलं, की तिला त्रास नको, जावयाने प्रोग्राममधून काढलेला लेख तयारच आहे, तिने फक्त हो म्हणावं. बाईंनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या परिच्छेदालाच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे? ‘टाकी’ला ‘हौद’, ‘झाकण’ला ‘आच्छादन’. यात चूक कुठे आहे? आणि जिथे आहे तिथे हसू येत नाही. कामचुकार आहे तुमचं ते यंत्र. चूक करायची, तर ती तरी मन लावून करावी."

त्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं. कोशाचे दोन्ही खंड कपाटातून खाली उतरले. मधूनच खोलीतून स्वतःशी हसल्याचा आवाज आला, तेव्हा सून आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. लेख झाल्यावर त्यांनी तो जावयाकडे पाठवला आणि जसाच्या तसा छापायचा, म्हणून बजावलं.

लेख दुसऱ्या दिवशी सगळीकडे झळकला. दुकानातला फोन पुन्हा वाजू लागला, पण बाईंनी सकाळी सकाळीच जावयाला फोन लावला. त्यांचा आवाज रागाने कापत होता.

"जावईबापू, चौथ्या ओळीतला ‘पाणि’ मी ह्रस्व लिहिला होता. तो दीर्घ कोणी केला?"

जावई म्हणाला, त्यानेच केला. पहिल्यांदाच लेख नीट वाचला, चूक दिसली, आईंना बरं वाटेल म्हणून सुधारली.

"अहो, ह्रस्व पाणि म्हणजे हात. ‘टाकीत रोज ताजा पाणि सोडा’ यातली सगळी गंमत घालवलीत तुम्ही. ज्यातलं कळत नाही, त्यात हात घालू नये माणसाने."

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन ठेवून दिला.