तावडेमामांचं संस्कृत

आमच्या लालबागच्या चाळीतले तावडेमामा देवापुढे हात जोडायचे, ते एक डोळा उघडा ठेवून. "दोनव मिटले तर पुजारी काय करता, ता माका दिसतला कसा?" हा त्यांचा सवाल.

मामा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. मूळचे मालवणकडचे. अंगाने काटकुळे, मिशीने भरघोस, आणि जगावर विश्वास म्हणून नाही. दुधवाल्याने पाणी घातलं की चिडायचे. नाही घातलं तर जास्तच चिडायचे. "आज दूध घट्ट कसा? ह्येच्यात कायतरी गोम आसा." नाक्यावरच्या इराण्याने एकदा हसून चहा पुढे केला, तर मामांनी कप जागेवर सोडला. घड्याळ ते गिरणीच्या भोंग्यावर लावायचे आणि भोंगा बरोबर झाला की नाही ते घड्याळात बघायचे.

असा माणूस उतारवयात संस्कृत शिकायला लागला.

मी त्यांचा शेजारी. संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेला, कचेरीत टाइपरायटर बडवणारा. एका सकाळी गॅलरीत दात घासताना त्यांनी मला गाठलं.

"झिला, शांतिः म्हणजे काय रे?"

"शांती, मामा."

"मग ती तीनदा कित्याक म्हणतत? पयल्यांदा देवाक आयकाक येणा नाय?"

मी तोंडातल्या फेसासकट काहीतरी समजावलं. त्यांना ते पटलं नाही.

"आणि शेवटाक ह्यो 'हः' कसलो? उगाच श्वास फुकट जाता."

"तो विसर्ग. म्हणजे सोडून देणं."

"कोण सोडता? कोणाक?" असं विचारून मामा माझ्याचकडे संशयाने बघत आत गेले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या मजल्यावरचा वसंता सभांची पत्रकं माळ्यावर दडवायचा. साध्या वेशातल्या पोलिसांची त्याला इतकी धास्ती, की नवा कल्हईवाला आला तरी त्याचे पाय बघायचा, बूट पोलिसी आहेत का म्हणून. त्यात मामा रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून, बगलेत कसलीशी गुंडाळी मारून ट्रामने कुठेतरी जायचे. विचारलं तर उत्तर एकच, "काम आसा."

"म्हातारा खबऱ्या आहे," वसंता मला म्हणाला. "चाळीत सांगून टाकतो. कोणी बोलायचं नाही त्याच्याशी."

"अरे, आधी बघ तरी!"

म्हणून एका संध्याकाळी आम्ही दोघे मामांच्या मागे निघालो. ठाकूरद्वारला ते उतरले. दर वळणावर मागे वळून बघत होते आणि आम्ही दर वळणावर कुठल्या तरी भाजीवालीच्या आडोशाला बसत होतो. शेवटी ते एका वाडीत पहिल्या मजल्यावर चढले. आम्ही दारातून डोकावलो. गुंडाळी म्हणजे सतरंजी होती. पाच-सहा माणसं प्राणायाम करत होती, आणि मामा न वळणाऱ्या पायांची मांडी घालून संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांशी भांडत होते.

"आधी मंत्र म्हणा, तावडे. अर्थ मागाहून कळेल."

"असा कसा? वाचल्याबिगर मी खंय सही करूक नाय. अर्थ आधी सांगा!"

तेवढ्यात आम्ही त्यांना दिसलो.

"माझ्यार पाळत ठेवतास?" मामा गरजले. पण आवाजात राग कमीच होता. जन्मभर ज्या पाळतीचा त्यांना संशय होता, ती आज खरीच निघाली होती. गड्याला धन्य वाटलं असावं.

शिकताय कशाला, हे मात्र काही सांगेनात. "संस्कृत हे नुसतं निमित्त आहे," वसंता परतताना म्हणाला. मामांच्या संशयाची लागण त्यालाही झाली होती.

पुढे हरताळाच्या एका दुपारी नाक्यावरच्या मोर्च्यावर अश्रुधूर सुटला. धूर चाळीत शिरला, दारं धडाधड लागली. मामींना जुना दमा. भिंतीपलीकडून त्यांच्या श्वासाची शिट्टी आम्हाला नेहमी ऐकू यायची. त्या दुपारी ती ऐकू येईना. मी ओले पंचे घेऊन धावलो.

मामा जमिनीवर बसले होते. मामींची पाठ त्यांच्या छातीला टेकलेली, त्यांचं तोंड मामींच्या कानाशी. 'शांतिः'चं एकेक अक्षर ते संथ म्हणत होते, शेवटचा 'हः' लांबवत. त्यामागोमाग मामींचा कोंडलेला श्वास थोडा थोडा बाहेर येत होता.

मी खिडकीच्या फटीत पंचे कोंबले. मामा खोकत म्हणाले, "भगतान हिच्या कानात काय काय पुटपुटल्यान, भटानव पुटपुटल्यान. ही माका इचारी, 'काय सांगतत वो ते?' माका सांगूक येय नाय. तेवाच ठरवलंय. हिच्या कानात माका कळणा नाय असा कायव जाऊचा नाय."

पुन्हा खोकल्याची उबळ आली आणि त्यांचा आवाज गेला. मामींचे ओठ काळवंडू लागले. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"झिला, हंय बस. तू म्हण."

"मामा, माझे उच्चार..."

"म्हण रे!"

मामींना त्यांनी माझ्या खांद्याला टेकवलं आणि स्वतः त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळू लागले. मी म्हणू लागलो. मामांचे ओठ आवाजाशिवाय माझ्याबरोबर हलत होते. बऱ्याच वेळाने मामींच्या छातीतली शिट्टी बारीकशी पुन्हा वाजली.

दार ढकलून वसंता आत आला. डोळे लालभडक, सदरा फाटलेला, हातात पाण्याचा तांब्या. मामांनी तो घेतला, आणि आत डोकावूनही न बघता मामींच्या ओठांना लावला.