सासरेबुवांच्या अंगठ्यावरची ठिणगी

"या वेळी तुझ्या बाबांना शॉक बसणार नाही म्हणजे नाही!" ऋषीने खराडीच्या आपल्या फ्लॅटमधून शेफालीला फोनवर ठणकावून सांगितलं.

मागच्या रविवारी तो लोणी काळभोरला तिच्या घरी गेला होता. लोकरी स्वेटर घालून सोफ्यावर तासभर चुळबुळत बसला. मग उठून तिच्या बाबांच्या, हिंदुरावांच्या पाया पडायला वाकला, आणि चट्ट! ठिणगी उडाली. हिंदुराव मागे सरकले ते थेट कपाटाला टेकले. "पोरगं चावतंय का काय!" आता ते मुलाचं घर बघायला येणार होते, आणि जानेवारीतलं लग्न त्यांच्या होकारावर अडलं होतं.

"थंडीत हवा कोरडी," ऋषी म्हणाला. "अंगावर साठलेले इलेक्ट्रॉन जागेवरच बसतात आणि मिळेल त्या अंगठ्यावर उडी मारतात! हवा दमट केली की ते हळूच निघून जातात."

"तू स्वेटर घालू नकोस. झालं!"

इतका सोपा उपाय इंजिनिअरला कसा पटावा?

त्याने खिडक्या लावल्या, शेगड्यांवर पातेली उकळत ठेवली, दारांवर ओल्या चादरी टांगल्या. हिंदुराव लेकीला घेऊन आले तेव्हा हॉलमध्ये इडल्या वाफवता आल्या असत्या! ऋषी वाकला. अंगठ्याला हात लावला. काही नाही! त्याला नाचावंसं वाटलं.

हिंदुराव मात्र भिंतीवरून हात फिरवत होते. बोटांवरून पाणी ओघळलं.

"अहो, हे घर गळतंय! डिसेंबरात ही वल, तर पावसाळ्यात काय व्हईल? गळक्या घरात पोरगी द्यायची न्हाय आपल्याला!"

ऋषीचा घसा कोरडा पडला. खोलीत तेवढीच एक कोरडी जागा होती. मग त्याने पातेली दाखवली, चादरी दाखवल्या, इलेक्ट्रॉन हातवारे करून दाखवले. "दमट हवेचीच करामत आहे ही, बाबा! पावसाळ्यात तर शॉकचं नावच नाही. कितीही जणांच्या पाया पडा!"

हिंदुराव बराच वेळ मान डोलवत राहिले. "पटलं! हुशार हाय पोरगं. पोरगी दिली!"

ऋषीची छाती फुगली.

"पर लग्नात सगळ्या भावकीच्या पाया पडावं लागतंय. म्हातारी माणसं हायत." हिंदुराव चपला घालत म्हणाले. "जानेवारीचं ऱ्हाऊ द्या. पावसाळा लागला की मुहूर्त काढू."

शेफालीने एकेक शेगडी बंद केली. "अजून काही समजावून सांगायचंय का बाबांना?"