असली युरोपचं इंजिन

चढावर गाडी तडतडली आणि बद्रीनारायणशेठच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मस्तगडात शेठचं बियाण्यांचं दुकान. घरी येणारं दूधही ते रोज बोटावर घेऊन बघत. अशा माणसाने पुण्याच्या एका साहेबाकडून जुनी जर्मन स्पोर्ट्स गाडी घेतली, ती केवळ जिजाजींचं तोंड बंद करायला. "आमच्या बद्रीला कुणीबी टोपी घालतं," असं टेंभुर्णीचे राधेश्याम जिजाजी प्रत्येक लग्नात भर पंगतीत म्हणत. रविवारी ते गाडी बघायला येणार होते.

शेठची मुलगी एकता फोनमध्ये वाचून म्हणाली, "पप्पा, ही गाडी दोन तऱ्हेची यायची. युरोपात जोरदार इंजिन. अमेरिकेत धुराचे नियम कडक, म्हणून तिकडं कमी जोराचं. बाहेरून बिलकुल सारखी."

"बस! अमेरिकेवाली गळ्यात मारली!"

"पण काटा किलोमीटरचा आहे. तिकडं मैल असतात."

"काटा बदलता येतो. इंजिन खोला!"

बबलू मिस्त्रीने इंजिन खोललं. एकताने पिस्टनचा फोटो काढून तो फोनवरच्या दोन्ही तऱ्हांच्या चित्रांशी ताडून पाहिला. अमेरिकेवाल्याचं डोकं चपटं; हा उंच डोक्याचा, अस्सल युरोपचा.

"मंग तडतड कशाची?" शेठचा संशय काही फिटेना.

"शेठ, ह्याला महागाचं पेट्रोल लागतं. तुम्ही साधं टाकून राह्यले," बबलू म्हणाला.

"पंपावर एकाच टाकीतून येतं सगळं, नळ्या तेवढ्या दोन! साध्यावरच चालली पाह्यजे."

"मंग ठिणगीचं टायमिंग मागं घ्यावं लागंल. तडतड जाईल, पण जोर बी जाईल."

"किती?"

बबलूने एकताकडे पाहिलं. "अमेरिकेवालीइतका होईल," ती म्हणाली.

हे दोघं पंपवाल्याला सामील असावेत, असं शेठना वाटलं. "घे मागं," ते म्हणाले.

रविवारी जिजाजी या गाडीच्या दोन्ही तऱ्हा फोनवर वाचूनच आले आणि स्वतः चालवायला बसले. शेठ शेजारी, एकता मागे. जिजाजींनी पाय पूर्ण दाबला, तरी कांद्याचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. जिजाजींचा चेहरा खुलला.

"बद्री, ही तर अमेरिकेवाली! घातली ना टोपी!"

एकताने पिस्टनचा फोटो दाखवायला फोन पुढे केला. शेठनी तो हळूच मागे सारला. फोटो दाखवला असता, तर जोर कुठे गेला हेही सांगावं लागलं असतं.

"घातली खरी," शेठ कसेबसे म्हणाले.

"कुणी? नाव तर सांग!"

शेठनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "जाऊ द्या, जिजाजी. घरचाच माणूस निघाला."