देवजीचं जुनं विमान

विमान जुनं झालंय, हे देवजीने सासऱ्याला सांगायला नको होतं. तो आग्र्याहून सुट्टी काढून आला होता तो बायकोला न्यायला. तिकडे खोली मिळत नव्हती, म्हणून लग्न झाल्यापासून वेणू सूर्यमाळला बापाकडेच होती. आता खोली मिळाली होती. गुमान जेवायचं आणि तिला घेऊन निघायचं, एवढंच काम. पण विमानदलातला माणूस गुमान जेवेल कसा?

“आमची डाकोटा विमानं बदलणार आता सरकार,” नागलीची भाकर मोडत तो म्हणाला. “लढाईच्या वेळची आहेत, मामा. नवी कोणती घ्यावी, ते आम्हालाही विचारलं.”

विचारलं कुणी नव्हतं. पण सूर्यमाळला पडताळा कोण घेणार?

सासऱ्याचा, पुंजाचा घास थांबला. पाड्यात कुणाचा बैल बदलायचा झाला तर शब्द त्याचा चाले. “खोड काय हाय त्याला?”

“वय झालं. तेल गळतं, दम लागतो.”

“मंग बाजार दाखवा.”

“नवं इथे मिळत नाही. विलायतेतून आणायचं. ते मोठं, म्हणजे छपरात मावणार नाही. चालवणारेही नव्याने शिकवायचे. तोवर जुनंच ओढायचं.”

“आन मधीच मोडला तर?”

“दुसऱ्या जुन्याचा भाग काढून याला बसवतात.”

“म्हंजी एका बैलाचा पाय काढून दुसऱ्याला.” पुंजाने ताट सरकवलं. “आन त्यात तुमी बसता?”

“रोज,” देवजी म्हणाला. छाती अजून वरच होती.

“मंग पोर नाय धाडायची मी. पांढऱ्या कपाळानं माघारी यायची.”

देवजी घाईने पाणी प्यायला. “तसं ठणठणीत आहे विमान, मामा. वाऱ्यावादळाला जुमानत नाही.”

“मंग बदलता कशाला?”

बढाई जमा करताना गोड लागते. खर्ची टाकायची वेळ मात्र सासऱ्यासमोर येते. दाराशी वेणू गाठोडं बांधून बसली होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि गाठ सोडायला घेतली.

“मामा,” देवजी ताटाकडे बघत म्हणाला, “मी विमानात चढतो. पण उडत नाही.”

“म्हंजी?”

“पोती चढवतो. दार लागायच्या आत खाली उतरतो.”

“वर कवाच गेला नाय?”

“नाही.”

“किती उंच जाता?”

“या ओटीएवढा.”

पुंजाचा चेहरा उजळला. “आधी बोलायचं ना, जावायबापू. हमाल हाय म्हंजी बेस हाय. जा गं पोरी, याला काय होत नाय.”

सासऱ्याचा तो आनंद देवजीला चाबकासारखा लागला. वेणूने पुन्हा गाठ मारली, गाठोडं उचललं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं.

“घ्या. सवय हाय ना.”

बाहेर बाया निरोपाला जमल्या होत्या. नवरा आभाळातून जातो, हे वेणूने वर्षभर त्यांना ऐकवलं होतं. शेजारची धोंडीबाई पुढे झाली.

“पाव्हणं, एकदा विमान आमच्यावरनं न्या. आमी लुगडी हालवू.”

देवजीचं तोंड उघडलं. घरात एकदा कबूल करून झालं होतं; पण इथे अख्खा पाडा उभा होता. त्याने डोक्यावरचं गाठोडं सावरलं. वेणूच मधे बोलली.

“जुनं हाय मावशे, आपला घाट नाय चढत. नवं आलं का येतील.”

“नवं कवा येल?”

सगळ्या बायांनी देवजीकडे पाहिलं. वेणूनेही पाहिलं.

“सरकार बघतंय,” गाठोड्याखालून देवजी म्हणाला.