आत्यांना झोप लागेल अशी गाडी

दादांच्या दुकानाची पाटी त्यांच्याच गाडीवर पडली तेव्हा गाडीत कोणी नव्हतं, एवढंच काय ते नशीब. पाटी चांगली लांबलचक, लोखंडी चौकटीची, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'निवांत झोपा'. गाद्यांच्या दुकानाला दुसरं काय शोभणार? पण दादांची चॉकलेटी गाडी त्या पाटीखाली अशी काही निवांत झोपली की पुन्हा उठलीच नाही. विम्याचा माणूस आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पाटी वाचली, मोठ्या कष्टाने हसू आवरलं आणि म्हणाला, "टोटल लॉस. हिच्या दुरुस्तीच्या नादी लागू नका. दुसरी बघा."

दादांनी चेहरा पाडला. म्हणजे निदान तसा प्रयत्न केला. मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या. या गृहस्थांना तरुणपणापासून टप उघडणारी गाडी हवी होती. लग्नाआधी ती घ्यायची राहिली आणि लग्नानंतर वहिनींनी राहू दिली. आता पन्नाशी उलटली होती, वाऱ्यावर भुरभुरायला डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता, पण हौस मात्र जशीच्या तशी होती.

"नवी नको, वापरलेलीच घेऊ," जेवता जेवता दादांनी सूतोवाच केलं. "टप उघडणारी. म्हणजे बंदही होतो. पण उघडतो."

"डबा आहे का तो?" वहिनी म्हणाल्या. "आणि आत्यांच्या झोपेचं काय?"

इथेच घोडं अडलं.

आत्या म्हणजे दादांच्या वडिलांची धाकटी बहीण. दादांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं. अर्धं गाव या दुकानाच्या गाद्यांवर घोरत होतं आणि दुकानदाराच्या सख्ख्या आत्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. कापूस झाला, काथ्या झाला, फोम झाला, स्प्रिंगा झाल्या. आत्या रात्रभर छताकडे बघत पडायच्या आणि सकाळी उठून "छान आहे हो गादी" म्हणायच्या, कारण स्वभावच तसा. त्यांना झोप लागायची ती फक्त एका ठिकाणी. रविवारी संध्याकाळी दादा सगळ्यांना फिरायला न्यायचे, तेव्हा चॉकलेटी गाडीच्या मागच्या सीटवर. पहिला चौक यायच्या आत आत्या गुडूप. त्या एका झोपेवर त्या आठवडा काढायच्या. ही गोष्ट घरातून बाहेर जाता कामा नये असा सक्त हुकूम होता. आत्याला गाडीत झोपवणाऱ्याकडून गादी कोण घेणार?

आता गाडी गेली आणि तेवढीही झोप गेली. आत्यांनी चहात मीठ घातलं. प्लास्टिकच्या फुलांना पाणी घातलं. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि लोणी चष्म्याच्या डबीत. डोळे आत गेले, तरी "मला काय धाड भरलीय" हे पालुपद चालूच. दादांना ते बघवेना.

"आत्यांना झोप लागेल ती गाडी घ्यायची," वहिनींनी निकाल दिला. "मग तिचा टप उघडो, नाहीतर उडून जावो."

झोप लागते की नाही हे ठरवायची या घराण्याची एक रीत होती. आजोबांपासून चालत आलेली. गादी हाताने दाबून घ्यायची नाही, निजून घ्यायची. गिऱ्हाईकाने चपला काढायच्या आणि आडवं व्हायचं. दादा शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि त्या गादीच्या पोटात काय काय आहे ते सांगायचे. काथ्या कुठून येतो, तो भिजवतात कसा, झोडपतात कसा, वाळवतात कसा. दादांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिऱ्हाईकाला झोप लागलीच म्हणून समजा, आणि झोप लागली की गादी विकली गेली. झोपलेल्याला उठवायचं नाही हाही नियम. दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी दादा दिवे मंद करून बसून राहायचे. कटकट एकच होती. अधूनमधून कोणीतरी तोंड वाकडं करून परत यायचं, "अहो, इथे झोप लागली, घरी लागत नाही." दादा म्हणायचे, "तुमचा पलंग बदला." लोक बिचारे पलंग बदलायचे आणि तरी जागे राहायचे.

तर दुकानाच्या टेंपोतून जुन्या गाड्यांच्या आवारात ही वरात पोचली. दादा, वहिनी आणि शाल काखेत मारून आत्या. गाड्या दाखवायला एक टाय लावलेला विक्रेता होता. त्याने मायलेज सांगायला तोंड उघडलं.

"ते राहू द्या," दादा म्हणाले. "मागचं दार उघडा. आत्या, चपला काढ."

टायवाल्याच्या उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. आत्या एकेका गाडीत शिरून आडव्या व्हायच्या आणि बाहेर येऊन निकाल सांगायच्या. एकीची सीट शाळेच्या बाकासारखी होती. एकीला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. एका गाडीत मानेखाली पट्ट्याचं बक्कल येत होतं. दादांचं मात्र अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या निळ्या गाडीकडे होतं. तिचा टप उघडा होता. दादांनी तिच्याभोवती तीन वेळा फेऱ्या मारल्या, एकदा तर उगाच फडक्याने तिचा आरसा पुसला.

"बसा एकदाचे तिच्यात," वहिनी म्हणाल्या. "जीव घुटमळतोय नुसता."

आत्या उंचीने बेताच्या, त्यामुळे मागच्या अरुंद सीटवर पाय दुमडून मावल्या. टायवाला स्टिअरिंगपाशी बसला, दादा त्याच्या शेजारी. दादांनी सीट चाचपली आणि त्यांच्यातला गादीवाला जागा झाला. "हा फोम साधा नाही बरं का. याला दाबला की हा लगेच वर येत नाही. विचार करतो. मग येतो. आता हा बनवतात कसा, तर..."

टायवाल्याने एक जांभई दिली, मग दुसरी. तिसऱ्या जांभईला त्याची हनुवटी टायवर टेकली. आणि मागून, हळूच, ओळखीचा आवाज आला. आत्या घोरत होत्या.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, हौस पुरी होणार म्हणून की आत्या झोपली म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"घेतली," ते कुजबुजले आणि टायवाल्याला कोपराने ढोसलं.

"मग यांना उठवा, आत जाऊन कागद करू."

"उठवायचं? आमच्यात नाही उठवत."

ऊन लागू नये म्हणून टप बंद केला, आत्यांच्या अंगावर शाल नीट ओढली आणि तिघंही पावलांचा आवाज न करता ऑफिसात गेले.

आता घोटाळा कसा झाला बघा. टायवाल्याचा एक भागीदार होता, तो फाटकापाशी बसायचा. त्याने हीच निळी गाडी दाताच्या एका डॉक्टरांना चक्कर मारायला द्यायचं कबूल केलं होतं. डॉक्टर आले, सोबत त्यांची बायको. दोघांचं सकाळीच गाडीच्या रंगावरून वाजलेलं आणि तेव्हापासून अबोला. मागच्या सीटवर शालीचं गाठोडं दिसलं, पण अबोल्यात गाठोड्याबद्दल तरी कोण कोणाला विचारणार? भागीदाराने किल्ली दिली आणि गाडी गेली.

दादा कागदावर सही ठोकून बाहेर आले तर जागा रिकामी.

"गाडी कुठाय?"

"डॉक्टर चक्कर मारायला घेऊन गेले," भागीदार म्हणाला.

"आणि आत्या?"

"कोण आत्या?"

"मागच्या सीटवरची!"

भागीदाराचा चेहरा पडला. "ते... गाठोडं नव्हतं होय?"

दादा धावले ते थेट आपल्या टेंपोकडे, ज्याच्यात अजून पोचवायच्या गाद्या भरलेल्या होत्या. पुढे दादा आणि वहिनी, आणि मागे गाद्यांच्या थप्पीवर टायवाला, एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने टाय धरून. "डावीकडे! डावीकडे वळले असतील!" तो वरून ओरडत होता.

इकडे गाडी हलताच आत्यांना जाग आली होती. थोडा वेळ त्या तशाच पडून राहिल्या, पुन्हा डोळा लागेल म्हणून. लागेना. समोर दोन डोकी होती आणि दोन्ही गप्प. शेवटी त्या उठून बसल्या आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावरचं दाट रान बघून त्यांनी मायेने त्यात हात फिरवला.

"अरे दादा, तुला केस कधी आले रे?"

डॉक्टरांच्या बायकोने जी किंकाळी फोडली, तिने सकाळपासूनचा अबोला संपला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, पण दाबायच्या आधी गाडीचं नाक बागेच्या कुंपणात घुसलं होतं. मेंदीची पानं बॉनेटवर सांडली. तेवढ्यात टेंपो येऊन धडकला, म्हणजे नुसता पोचला, देवाची कृपा.

"आत्या!" दादांनी दार उघडून तिला जवळ घेतलं. "लागलं का गं कुठे?"

"मला काय धाड भरलीय," आत्या म्हणाल्या. "पण झोप छान लागली होती रे. ही दोघं मात्र तोंडातून ब्र काढेनात. इतक्या शांततेत माणसाने झोपायचं कसं?"

हे वाक्य खरं तर तिथेच पकडायला हवं होतं. पण टायवाला गाडीवरचा ओरखडा बघून कपाळ बडवत होता, डॉक्टरांची बायको "आत्यासकट गाडी आम्हाला नको" असं निक्षून सांगत होती, आणि दादांचा जीव नुकता कुठे भांड्यात पडला होता. लक्ष कोण देणार? ओरखड्यासकट निळी गाडी घरी आली.

पहिला रविवार उजाडला. दादांनी टप उघडला, काळा चष्मा चढवला. वहिनींनी केस रुमालात बांधले. गाडी निघाली आणि दादांच्या टकलावरून जो वारा गेला, त्यासाठी हा माणूस तीस वर्षं थांबला होता. त्या आनंदात त्यांनी तोंडाचा पट्टाही सोडला, पण एकेक शब्द निघाला की वारा तो पळवून नेत होता. चौक गेला. दुसरा गेला. दादांनी आरशात पाहिलं. आत्या टक्क जाग्या.

"ती बघ, ती बाई कशी चाललीय!" त्या ओरडून सांगत होत्या. "ते बघ, त्या घराला नवा रंग!"

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. आत्या आणखी वाळल्या. एकदा भाजी चिरायला घेतली आणि चिरली ती पिशवीच. दादांनी सीटवर उशी ठेवली, उशीवर उशी ठेवली. शेवटी उशांमुळे आत्या टपाच्या वर दिसायला लागल्या.

मग एका रविवारी समोरून मातीने भरलेला ट्रक गेला. धुरळ्याचा लोट आला आणि वहिनींनी घाईघाईने टप बंद करायला लावला. दादा बोलतच होते. वारा थांबला आणि त्यांचा आवाज एकदम गाडीभर घुमला, "...आणि मग तो काथ्या झोडपतात."

मागे घोरणं सुरू झालं.

वहिनींनी मागे वळून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सीट नाही. तुम्ही."

"मी काय?"

"तुमचं बोलणं. चॉकलेटी गाडीत तेच, दुकानात तेच. त्या दिवशी आवारात तो टायवाला बसल्या जागी झोपला, तो काय फोममुळे?"

दादांच्या डोळ्यांपुढून पलंग बदलणारी सगळी गिऱ्हाइकं सरकून गेली. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे माझ्या आजोबांपासूनच्या गाद्या... आणि मी एवढा रटाळ?"

"रटाळ कुठे म्हटलं?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बोलत असलात की कळतं, आपला माणूस जागा आहे. मग आपण कशाला जागायचं? मलासुद्धा तुमच्या शेजारी किती वेळा डुलकी लागलीय, कधी बोलले नाही इतकंच."

घरीच प्रयोग करावा, म्हणजे गाडीचा टप उघडा ठेवता येईल, असा एक धूर्त विचार दादांनी करून पाहिला. रात्री आत्यांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून ते बोलायला लागले आणि काथ्या भिजायच्या आत स्वतःच पेंगले. ते स्टुलावरून पडू नयेत म्हणून आत्या रात्रभर त्यांचा सदरा धरून बसल्या. गाडी चालवताना दादांना झोपता येत नाही, हाच काय तो फरक होता. तेव्हा गाडीच, आणि तीही बंद टपाची.

आता रविवारी आभाळ कितीही निरभ्र असो, लोक चालता चालता थांबून बघतात. एवढी देखणी टप उघडणारी गाडी, टप घट्ट बंद, आत एक टकलू हातवारे करत एकटाच बोलतोय आणि दोन बायका ढाराढूर झोपल्यात. पेट्रोल भरायला एकटे जातात तेव्हा दादा टप उघडतात. पंप कोपऱ्यावरच आहे, पण ते लांबून वळसा घालून जातात. आत्यांच्या गालावर रंग आलाय, चहात साखर पडते आणि प्लास्टिकची फुलं कोरडी असतात.

परवाच एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुकानात आलं. "दादा, इथे काय झोपलो होतो! घरी मात्र डोळा लागत नाही."

दादांनी पलंगाचा प काढला आणि तिथेच थांबले. त्यांनी गल्ल्यावर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली.

"रविवारी संध्याकाळी मोकळे आहात का?" दादांनी विचारलं. "गाडीत मागे आत्यांशेजारी एक जागा आहे. पांघरूण तुमचं तुम्ही आणा."

"ती निळी ना? तिचा टप उघडा असतो का हो? मला वारा सोसत नाही."

दादांनी दारात उभ्या असलेल्या गाडीकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"बंद असतो," ते म्हणाले.