जाड कागदावरचा रेझ्युमे

रेझ्युमेचा फॉरमॅट निवडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. निदान त्या मंगळवारी सकाळपर्यंत तरी माझं हेच मत होतं.

कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक हवा होता. मशीनचं काम मी कुठे शिकलो नाही. बाबांचं टेलरिंगचं दुकान आहे, त्यांच्या मशीन खोलून खोलून आलं ते. अडचण वेगळीच होती. चार वर्षांत सहा नोकऱ्या, आणि मध्ये मोठमोठी भगदाडं.

ताईने सरळ सांगितलं, "तारीखवार लिही. कधी कुठे होतास ते."

"तारीखवार लिहिलं तर पंचनामा वाटेल तो."

"मग आहेच तो पंचनामा."

तिच्या समाधानासाठी तारीखवार एक काढला, साध्या पातळ कागदावर. पण खरा माल दुसरा होता! त्यात तारखा जवळजवळ नाहीतच, सगळी कौशल्यंच. 'यंत्रदुरुस्ती.' 'समस्यानिवारण.' आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, 'नेतृत्वगुण'. नेतृत्व कोणाचं केलं म्हणाल तर माझं मीच. हा छापला जाड, ताठ, पांढऱ्याशुभ्र कागदावर. पाकिटात घातला, पाकीट दुकानात कटिंगच्या टेबलावर, पातळ कागदाशेजारी ठेवलं आणि निवांत झोपलो.

सकाळी कारखान्यात मेकॅनिक विभागाच्या मॅडमसमोर बसलो. त्यांचा चष्मा कपाळावर, बाहीला तेलाचा डाग. मी रुबाबात पाकीट पुढे केलं. त्यांनी कागद बाहेर काढला.

पातळ होता.

मी टेबलाखाली बाबांना मेसेज टाकला, 'जाड कागद कुठाय?' लगेच उत्तर आलं, 'त्यातून कॉलरचा नमुना कापला. खाकी कागद संपला होता. दोन्हीवर तुझंच नाव, तुझाच फोटो. एकच द्यायचा ना? पातळ ठेवलाय पाकिटात.'

टेलर माणूस. कागद दिसला की तो आधी बोटांनी चाचपणार, वाचणार नंतर. वाचलाच तर.

मॅडमचं बोट तारखांवरून खाली सरकत होतं. एका भगदाडापाशी थांबलं.

"इथे पाच महिने काय केलंत?"

हीच नोकरी हवी होती मला. सातवी. हीही गेली तर ताई त्या कागदाला फ्रेम करून भिंतीवर लावणार होती. थाप मारायची तर कुठली, हेच सुचेना. मग खरं तेच निघालं तोंडातून.

"बाबांची मशीन खोलून बसलो होतो. एक दिवस खोलायला लागला, बाकीचे दिवस जोडायला."

"जोडली?"

"जोडली. एक स्प्रिंग उरली."

"कशाची?"

"बॉबिन भरायच्या चाकाची. मशीन चालते. बॉबिन बाबा हाताने भरतात."

"वडील काही म्हणत नाहीत?"

"रोज म्हणतात."

मॅडमने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "चला माझ्याबरोबर."

मला वाटलं, गेटपर्यंत सोडायला. पण त्यांनी हॉलमधल्या एका बंद मशीनपाशी नेलं. "टाका सुटतोय. बघा."

मी आधी सुई काढून पाहिली, कारण बाबांच्या मशीनवर याच चुकीपायी मी एक आख्खा आठवडा घालवला होता. सुई उलटी लावली होती. सरळ केली, चिंधीवर एक शिलाई मारली. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे नीट एकामागे एक आले.

"सकाळपासून अकरा जण येऊन गेले," मॅडम म्हणाल्या. "दहा जणांच्या कागदावर नेतृत्वगुण. एवढे नेते मी बसवू कुठे? सोमवारी या. आणि हो, ती स्प्रिंग घेऊन या, कशी बसते ते दाखवते."

बाहेर पडल्यावर फाटकाजवळच्या कठड्यावर बसलो आणि आधी पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. हातातलं रिकामं पाकीट घामाने ओलं झालं होतं.

घरी आलो तर बाबा म्हणाले, "मिळाली ना? मग कागदावरून बोलू नकोस मला."

"कॉलर कुणाची कापलीत तेवढं सांगा."

"तुझीच. कामावर काय जुना शर्ट घालून जाणार होतास?"

सोमवारी सकाळी बाबांनी शिवलेला नवा शर्ट घातला. टेबलावर कॉलरच्या आकाराचा कागद पडला होता. त्यावर माझा अर्धा फोटो आणि 'नेतृत्वगु' एवढंच उरलं होतं.

"घट्ट होतेय, बाबा."

"कागदाबरहुकूम कापलीये. मान कशी ताठ राहते बघ."

मान ताठ राहत होती, खरंच. फक्त खाली वाकत नव्हती. आणि मशीन दुरुस्तीचं सगळं काम खाली बघूनच असतं.

वरचं बटण उघडं टाकून गेलो. स्प्रिंग खिशात होती.